बैलजोडीभोवतीची चौकट

माझी रेघ दोन पिक्सेल जाड आहे. मोबाइल उन्हात धरला तर ती केसाएवढीच दिसते, पण चारही कोपऱ्यांत नीट जुळते. मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे.

मोबाइलच्या पडद्याचे तयार भाग साठवणारी एक लायब्ररी असते. पडद्यावरच्या प्रत्येक तुकड्याला तिथे ‘व्ह्यू’ म्हणतात. व्ह्यूभोवती रेघ ओढायची आणि रेघेबाहेर थोडी मोकळी जागा, म्हणजे मार्जिन, सोडायची हे माझे काम. मला लिहिले पिंपळवंडीच्या अक्षदाने. बेल्ह्याच्या बैलबाजाराचे ॲप तीच सांभाळते.

मी नव्हते तेव्हा दोन मालकांचे बैल पडद्यावर खेटून उभे दिसत. आणि आमच्याकडे खेटून उभे बैल म्हणजे जोडी! एकदा बोरीचे दादाभाऊ अशाच एका जोडीसाठी टेम्पो घेऊन आले. एकच बैल मिळणार हे कळल्यावर ते भर बाजारात कडाडले, “अगं ताई, दावतीस दोन आन देतीस एक व्हय? जुवाच्या दुसऱ्या बाजूला काय माझी मान देऊ?”

बाजार हसला. अक्षदा हसली नाही. त्याच संध्याकाळी तिने मला घडवले. सुट्या बैलाला स्वतःची चौकट, जोडीला दोघांत मिळून एक. तेव्हापासून कुणाचा टेम्पो रिकामा परतला नाही. बाजार मला पाहून भरवसा ठेवतो, याचा मला अभिमान आहे.

हल्ली चौकटींची फॅशन राहिली नाही. लायब्ररीतले नवे भाग कडेच्या नुसत्या पुसट सावलीवर भागवतात. मित्रांनो, जुनी रेघ जरूर पुसा, पण ती काय सांभाळते ते आधी पाहा.

धर्माजींचेच बघा. घरी ट्रॅक्टर आला, म्हणून हरण्या आणि पाखऱ्या विकायला काढले. दोघे वासरे असल्यापासून एका दावणीचे. पण पाखऱ्या किंचित लंगडतो, म्हणून गिऱ्हाईक एकट्या हरण्यालाच मागे. “बाबा, चौकट एक का दोन?” असे अक्षदाने विचारले, की ते दर बाजाराला म्हणत, “बघू पुढल्या येळी.”

आज एक व्यापारी दोर घेऊनच आला. “हरण्या द्या राव, आत्ता नेतो. लंगडा काय पूजेला ठिवू?”

अक्षदाचे बोट पडद्यावर थांबलेले.

“बोला की आता,” धर्माजींची बायको झुंबरबाई म्हणाली. “बैलं बी कटाळली तुमच्यापायी.”

धर्माजींनी पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

“एकच चौकट वढ, पोरी. न्यायची तर दोघं न्या, न्हाईतर दोघं घरी.”