लोणी चोरलं म्हणे होनोरानं

मी एक जुना, ओकच्या फळ्यांचा ताकाचा डेरा आहे. आयर्लंडात लीट्रिमच्या डोंगराखाली, पॅकी आणि डेलिया या नवराबायकोच्या स्वयंपाकघरात माझा जन्म गेला. मित्रांनो, मी रागातच बोलणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे घुसळण चालू असताना कुणी घरात आलं, तर त्यानं रवीला हात लावायचा. न लावता गेला, तर तो चेटूक करून लोणी घेऊन गेला म्हणायचं. एका सकाळी शेजारची म्हातारी होनोरा आली आणि हात न लावताच गेली. शालीखाली तिचं मनगट लचकलेलं होतं, ते कुणी विचारलं नाही. पुढे तीन आठवडे माझ्यात नुसता फेस, लोणी काही येईना.

झालं! चेटूक उतरवायला पॅकीनं माझ्या झाकणावर मीठ ओतलं, अंगात खिळे ठोकले, नांगराचा फाळ लालबुंद तापवून माझ्याखाली सरकवला. बूड करपलं माझं! पण आत डोकावायचं एकालाही सुचलं नाही. डेलियाला तान्हं मूल, डोळ्याला डोळा नाही. महिनाभर तिनं मला उकळत्या पाण्यानं धुतलंच नव्हतं. त्यात शापाची धास्ती, तिची रवी एका लयीत चालायचीच नाही. आणि जिनं तिची तिन्ही बाळंतपणं केली, त्या होनोराशी चर्चच्या दारात कुणी बोलेना.

शेवटी पॅकीनं तिला दंडाला धरून आणलं. "लाव हात! नेलंस ते परत दे."

होनोरानं माझं झाकण काढून वास घेतला. "अगं पोरी, डेरा आंबलाय. आधी पाणी उकळत ठेव."

डेलियाला रडू फुटलं. "मला झेपतच नव्हतं गं, मावशी."

"मग हाक मारायची ना, वेडाबाई!"

तिनं मला घासलं, ताजी साय ओतली. दोघींनी मिळून रवी धरली. डेलियाची धास्ती गेली, रवी लयीत चालू लागली आणि अर्ध्या तासात लोणी आलं.

पॅकी अंगणात जाऊन ओरडला, "बघा! हात लावायला लावला, तेव्हा सोडलं चेटकिणीनं!"

डेलियाला सगळं ठाऊक होतं. ती मान खाली घालून लोण्याला मीठ लावत राहिली. होनोरा मरेपर्यंत गावाची चेटकीणच राहिली.

मित्रांनो, डेरा रोज घासा, उकळत्या पाण्यानं धुवा. आणि लोणी आलं, की ते कुणामुळे आलं, हे चारचौघांत मोठ्यानं सांगा!