काळूचा शेवटचा शब्द

जनरल सलिल कारखानीसांना निम्मे लोक वाघ म्हणायचे, निम्मे कसाई, आणि दोघांचंही खरं होतं. गड्याने कधी मागे राहून हुकूम सोडले नाहीत. त्याच्या मागून गेलेली पोरं मात्र पेट्यांतून घरी आली. चॅनेलवाल्यांनी दोन्ही बाजू चघळून पार चोथा केला होता. लक्ष्मीला त्या चोथ्याशी काय देणंघेणं? आपल्या धाकट्या भावाला, काळुरामला कोणी मारलं, एवढंच तिला हवं होतं.

आई लवकर गेली. शहाडच्या घरात तिनेच काळूला भरवून वाढवला. शत्रूच्या गोळीने गेला असं पलटणीने कळवलं, आणि इतकी वर्षं तिने ते मानलं. मग त्याच्याच पलटणीतला दगडू अंथरुणाला खिळला आणि मरता मरता बोलून गेला, "साहेब त्याच्या छातीवर बसलेला, गळा धरून." त्या दिवसापासून लक्ष्मीच्या घशाखाली घास उतरेना.

एका भर दुपारी तिने पिशवीत कोयता घातला आणि वर्तकनगरातलं जनरलचं घर गाठलं. दार खुद्द जनरलनेच उघडलं.

"माजे कालूला तूच मारलास ना?"

"काळुरामची बहीण?" म्हातारा आत सरकला. "हो. मीच मारलं."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. मानेवर घातलेला कोयता खांद्यात रुतला. तिने तो उपसून काढला तसं रक्त सदऱ्यावरून फरशीवर आलं. जनरल भिंतीला टेकून खाली बसला, पण हूं की चूं नाही.

"आधी ऐका," तो म्हणाला. "मग दुसरा वार करा."

तेव्हा तो कर्नल होता. पहाटेच्या धुक्यात, शत्रूच्या चौकीखालच्या नाल्यात सगळे पोटावर पडून होते. काळुरामचं पोट गोळीने फाटलेलं. बाहेर आलेली आतडी हातांनी धरून तो ग्लानीत बरळत होता. एकाएकी ओरडला, "गणपती बाप्पा!" आणि नाल्यातली सगळी मराठी पोरं, काही कळायच्या आत, "मोरया!" म्हणून गेली. त्यांचा तरी काय दोष? आपला माणूस झोपेतसुद्धा म्हणेल! वरून मशीनगन सुरू झाली. कोणाचा जबडा उडाला, कोणाची कवटी उघडली. नाल्याचं पाणी लाल झालं.

"त्याने पुन्हा तोंड उघडलं," जनरल म्हणाला. "'बा' एवढं ऐकलं मी. पुन्हा गजर झाला असता तर एकही वाचला नसता. मी छातीवर बसलो. एका हाताने तोंड दाबलं, दुसऱ्याने गळा. पाय झाडत होता तो. थांबेपर्यंत सोडला नाही."

लक्ष्मीने कोयता उचलला.

"मारा. पण त्याने मला माफ केलं होतं. माझ्या तळहाताखाली त्याचे ओठ हलले. 'बाय' म्हणाला. जाताना म्हणतात ना, तसं. साहेबाचा निरोप घेऊन गेला पोरगा. त्या एका शब्दावर मी आजवर जगलो."

लक्ष्मीचा हात वरच राहिला.

"आमचे आगऱ्यांच्यात मोठे बहिनीला बाय बोलतात," ती म्हणाली. "बाप्पाला नाय, मना हाक मारीत व्हता तो."

जनरलचा चेहरा राखेसारखा झाला. पोरगा गजर करणारच नव्हता. बहिणीला बोलावत होता, आणि ते तोंड आपण दाबलं. खांद्यात कोयता रुतला तेव्हा गप्प बसलेला माणूस आता गळा काढून ओरडला, "मारा! मारा मला!" शेजारची दारं धडाधड उघडली.

लक्ष्मीला ते ऐकूच आलं नाही. कोयता तिच्या हातातून गळून पडला होता. रक्ताने माखलेल्या फरशीवर ती बसली होती आणि दाराकडे बघून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आले रं कालू. आले."