एकोणतीस मेनंतरचे भाग

१९५६ साली कळसाडीत रेडिओ नव्हता. शेजारच्या प्रकाशा गावी ग्रामपंचायतीच्या कचेरीत एक होता, आणि दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला त्यावर ‘कुंभारटेकचं पोस्ट’ ही मालिका लागे. आडगावातलं टपाल कार्यालय, चिडके पोस्टमास्तर नाना आणि अक्षर न येणारा पोस्टमन भिवा. पाकीट हुंगून पत्र कुणाचं ते भिवा सांगे. अर्धा तास लोक हसत आणि बरेचदा शेवटी गप्प होऊन उठत.

कळसाडीचा हिलाल पाटील ती ऐकायला दर गुरुवारी सायकलने जाई. बायका कचेरीत बसत नसत. त्यामुळे त्याची बायको गजराबाई हिने मालिका कधी ऐकली नाही. हिलाल घरी आला की जेवता जेवता तिला सगळा भाग सांगे, सगळे आवाज काढून. गावात दुसरं कुणी प्रकाशाला जात नव्हतं. तिच्यासाठी मालिका म्हणजे हिलालच.

१९५९च्या भाद्रपदात, एका गुरुवारी, हिलाल घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी तापीच्या खालच्या अंगाला प्रेत सापडलं. पाय घसरला, असं प्रकाशाहून निरोप आला. मुलगी रंजना तेव्हा नऊ वर्षांची होती.

१९६६च्या दिवाळीत हिलालच्या धाकट्या भावाने, हिंमतरावने, ट्रान्झिस्टर आणला. त्याच सुमारास केंद्राने जुनी मालिका पुन्हा लावली, निवडक तेरा भाग. पहिल्या गुरुवारी गजराबाई चुलीपुढून उठून ओसरीवर आली आणि खांबाला टेकून बसली. भिवाने पाकीट हुंगण्याआधीच ती हसली. पुढचं वाक्य ती पुटपुटे आणि मग रेडिओ तेच बोले. रंजना आईच्या तोंडाकडे बघत राही. त्या हिवाळ्यात रंजनाचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त फाल्गुनाचा होता.

तेराव्या भागात नानांची बदली झाली, पोस्टाला कुलूप लागलं, आणि भिवा रिकामी पिशवी घेऊन घरी गेला. निवेदक म्हणाला, हा शेवटचा भाग प्रथम २९ मे १९५८ रोजी प्रसारित झाला होता.

“हाई खोटं शे,” गजराबाई म्हणाली. “पोस्ट आखो उघडस. नानानी बहिन येस, फुलवंता. भिवा मंग पत्र कोनाच्या हातमा देत नही. उंबरठावर ठेवस, दहा पावलं मांगे सरकस आनि आरोळी मारस.”

हिलाल सांगे तेव्हा भिवाच्या या आरोळीवर ती सगळ्यात जास्त हसली होती.

हिंमतराव म्हणाला, “वहिनी, त्यानी सांगं ना, मे महिनामाच संपनं.”

“तुम्हना दादा माले मरेपावत सांगेत. दर गुरवारे.”

“मंग सव्वा वरीस दादा जायेत कोठे?”

हिंमतरावची बायको शांतीबाई तांदूळ निवडत होती. “परकाशामा आखो एक पोस्ट व्हई, जिजी,” ती म्हणाली. “तठे टपाल टाकाले जात व्हतीन.”

हिंमतरावला हसू आवरलं नाही. रंजना उठून आत गेली.

गजराबाईला ते अशक्य वाटलं नाही, हीच अडचण होती. शेवटचं दीड वर्ष हिलाल घरात झोपला नव्हता. खळ्यात झोपे. कधी कपाशी राखायची असे, कधी उकाडा असे. ताटही वेगळं ठेवायला लावे. मुलगा झाला नाही म्हणून मन उडालं, असा अर्थ तिने काढला होता आणि सात वर्षं तो कुणाला सांगितला नव्हता.

सोमवारी देवदर्शनाचं निमित्त करून ती एकटी प्रकाशाला गेली. कचेरीतला रेडिओ लावण्याचं काम पितांबरकडे असे. तो आता म्हातारा झाला होता आणि घराच्या ओट्यावर सुतळी वळत बसला होता. तिने नाव सांगितलं आणि सरळ विचारलं, “कोन व्हती ती?”

पितांबरने सुतळी खाली ठेवली. “ती कोनीच नव्हती, बहिन. आठे दर गुरवारे चार वाजता गोळ्यासनी मोटर ये. रगतपितीनी, महारोगनी. नदीकाठे चिचखाले उभी ऱ्हाये. तो तठे रांगमा ऱ्हाये.”

गजराबाई ओट्याच्या कडेवर बसली.

“गोळ्या लिसन तो कचेरीमा ये,” पितांबर सांगत राहिला. “मालिका संपनी तरी ये, आठ वाजेपावत बसे. रेडिओवर कपाशीना भाव चाले. मी म्हनं, आते घर जा ना रे. तो म्हने, थांब, घर सांगानी गोट जुळी नही अजून.”

“माले का बरं सांगं नही?”

“पोरनं लगीन कोन करी, म्हने. बोट बी वाकडं नव्हतं, बरा व्हयी जाता. पन मोटरवाला म्हनेत, पुढला गुरवारे तुन्हा घर येसूत, बायको-पोरले तपासूत. ती मोटर गावमा उनी का सगळासले समजनं. त्या दिवशे तो भाव संपेपावत बठना. मंग नदीकडे गया.” त्याने सुतळी पुन्हा उचलली. “पाय घसरा, हाई मीच सांगं.”

मोटर चार वर्षांपूर्वी बंद झाली होती. तिने निघण्यापूर्वी विचारलं, तपासतात कसं? वर्षानुवर्षं बघून पितांबरला ते माहीत झालं होतं. फिकट चट्टा बघायचा. डोळे मिटायला लावून त्यावर कापूस टेकवायचा. कळलं नाही तर रोग.

दुसऱ्या दिवशी गजराबाईने न्हाणीत रंजनाची पाठ चोळून दिली, दंड, पोटऱ्या, कानाच्या पाळ्या पाहिल्या. कापूस फिरवला तेव्हा रंजना गुदगुल्यांनी ओरडली. नंतर दार लावून तिने स्वतःचं अंग तपासलं. दोघींच्या अंगावर काही निघालं नाही.

गजराबाई पितांबरकडे जाऊन आल्याचं शांतीबाईला कळलं होतं. संध्याकाळी हिंमतरावच्या देखत तिने विचारलं, “मंग जिजी, काय सांगं पितांबरनी?”

रंजना दारात उभी होती. हिंमतराव सरळ माणूस होता. खरं कळलं तर तो मुलाकडच्यांपासून लपवणार नाही, हे गजराबाईला ठाऊक होतं. शांतीबाईच्या पोटात तर काहीच राहत नसे.

“व्हती एक,” गजराबाई म्हणाली.

“दख! मी सांगेल व्हतं ना?”

आठवड्यात ते गावभर झालं. मुलाकडे गेलं तेव्हा मुलाचा बाप म्हणाला, मेलेल्या माणसाचं काय घेऊन बसायचं. लग्न ठरल्या तिथीला लागलं. पत्रिकेत वडिलांचं नाव घालू नका, असं रंजनाने सांगितलं होतं. पण हिंमतरावने ते घातलं.

लग्नानंतर नवरा-नवरीला प्रकाशाला दर्शनाला नेलं. घाटावरून परतताना रंजना आईच्या बाजूला आली. जावई पुढे चालला होता.

“माय, तिन्हं घर कोनतं?”

गजराबाईने आजूबाजूला पाहिलं. वळणावर कुलूप लावलेलं एक घर होतं, पुढच्या भिंतीचं माती-शेण झडलेलं. तिने तिकडे बोट केलं.

रंजना त्या उंबऱ्यापर्यंत गेली, थुंकली आणि नवऱ्याला गाठायला भराभर चालू लागली.