जोड्यांसाठी आणलेली काथवट

मी एक काथवट बोलतेय. घरातली नव्हे, कारखान्यातली. एखादं माणूस आरामात आडवं होईल एवढी लांब, आणि चार माणसांना उचलणार नाही एवढी जड. मागच्या वसंतात माझ्यात लोकांचे जोडे ठेवायचे, असं ठरलं होतं. ते का ठरलं आणि पुढे काय झालं, ते मी स्वतःच सांगते. दुसऱ्यांनी माझ्याबद्दल पुष्कळ सांगून झालंय, आणि त्यातलं बरंचसं खोटं आहे.

कराकोल गावच्या नदीकाठी कारागाचाचं, म्हणजे चिवट, टणक लाकडाचं, एक जुनं झाड होतं. ते वादळात पडलं. त्याच्या एका अखंड खोडातून त्रोफिम नावाच्या सुताराने मला कोरलं. आख्खा हिवाळा लागला. आतला भाग त्याने हातानेच घासला, कारण कणकेला खरखर चालत नाही. बाहेरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या, खाली लोखंडी पाय बसवले आणि मला पावाच्या कारखान्यात पोचवलं.

शाळा मला माहीत नाही. जे शिकले ते बायकांच्या हातांकडून. माझ्या दोन्ही बाजूंना दोन दोन बायका उभ्या राहून कणीक मळायच्या. हातावरून मला बाईचं सगळं कळायचं. नुकतं लग्न झालेलीचा हात कणकेत असायचा आणि लक्ष दाराकडे. घरी भांडून आलेल्या बाईची कणीक सगळ्यात चांगली व्हायची. पुढे कणीक मळायचं यंत्र आलं. त्याचं कौतुक झालं, फोटो निघाला. ते महिन्यातून दोनदा बिघडायचं, आणि बिघडलं की सगळ्यांना माझी आठवण यायची.

कालीचा नावाची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. काडीसारखी. पहिल्या दिवशी कणीक तिच्या कोपरापर्यंत चढली आणि सुटेना, तशी ती रडायला लागली. शेजारची म्हणाली, “अगं, तू तिला मळतेयस का ती तुला?” सगळ्या हसल्या. कालीचा चिडली, नाक बाहीला पुसलं आणि परत हात घातले. ते तिने बत्तीस वर्षं काढले नाहीत. माझी डावी कड तिच्या कमरेने झिजलीय. टेकून मळायची सवय तिची.

तिथे एक रीत होती. कणकेचा किंवा पावाचा तुकडा खाली पडला की जिचा पाय जवळ असेल तिने उचलायचा, कपाळाला लावायचा आणि पाखरांसाठी उंच ठेवायचा. साहेब उभा असला तरी. कुणी शिकवत नव्हतं, कुणी विसरत नव्हतं.

मग जुनी राजवट मोडली, देश बदलला. कारखान्यात पीठ येणं थांबलं, मग बायका येणं थांबलं. मला एका आवारात ओढून नेलं. तिथे माझ्यातून मेंढ्या भुसा खायच्या. मेंढ्यांचं मला काही वाटलं नाही. खाणारं तोंड आहे, पोटासाठी येतं. पुढे मेंढ्याही विकल्या गेल्या. मग पाऊस, बर्फ, ऊन, पुन्हा बर्फ. लाकूड भेगाळलं, पट्ट्या गंजल्या. कुणीतरी मला जळणात काढायचं म्हणालं, कुऱ्हाडसुद्धा आणली. कारागाच लवकर फुटत नाही, हे त्याला दोन घावांत कळलं.

शेवटी शार्शेन आला. हा जुन्या वस्तू विकत घेतो आणि विकतो. त्याच्या शेडमध्ये चहाचे समोवार, खाणीतले कंदील, शिवणयंत्रांचे नुसतेच पाय, रेल्वे स्टेशनचं बाकडं, असं सगळं. शार्शेन वस्तू विकत नाही, गोष्ट विकतो. वस्तू तिच्याबरोबर जाते. एकच कंदील मी तीन गिऱ्हाइकांपुढे तीन वेगवेगळ्या खाणींतला होताना ऐकलाय.

त्याच्याकडे एक दिवस जीपार आली. तिशीतली, राजधानीतली, बिश्केकची, केस कापलेले, खिशात मोजायची पट्टी. गावातली बंद पडलेली लोकर-गिरणी बाकास नावाच्या माणसाने घेतली होती, तिथे प्रवाशांसाठी विश्रामगृह काढायला. आतली सगळी मांडणी जीपारकडे होती. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालेलं. ती म्हणाली, “गिरणीत शोभेल असं काहीतरी दाखवा.”

शार्शेनने माझ्यावर थाप मारली. “गिरणीत शोभेल कशाला, गिरणीतलीच आहे. लोकर धुवायचे हिच्यात.”

बायकांच्या शालींवरची आणि मेंढ्यांच्या अंगावरची सोडली तर मी जन्मात लोकर पाहिली नव्हती. पण जीपारचे डोळे चमकले, आणि मी गाडीत चढले.

आता खरं बोलायचं तर मुलगी गुणी आहे. तिने भिंतींचा गिलावा काढून आतल्या विटा उघड्या केल्या. नळाच्या पाइपांचे दिवे केले. सुताच्या मोठ्या लाकडी रिळांना टोप्या आणि कोट अडकवायची सोय केली. इस्पितळातलं काचेचं कपाट पुस्तकांना, ट्रॅक्टरची सीट बसायला, आणि या सगळ्या लोखंडात मधेच लोकर दाबून केलेले लाल-काळ्या नक्षीचे नमदे. ऐकायला खिचडी वाटते, पण नजर फिरवली की बरं वाटायचं. एक गोष्ट मात्र मला पटली नाही. नव्या लोखंडावर ती ब्रशने गंज रंगवायची. म्हातारं दिसायची एवढी हौस असेल तर थांबा की जरा, ते फुकट मिळतं.

बाकास सुरुवातीला भेदरलेला. “जीपार, लोक राहायला येणार आणि तू त्यांना गिलावा पडलेल्या भिंती दाखवणार?”

“पडलेला नाही, बाकास बाइके. मी पाडलाय. त्याला मेहनत लागते.” थोरल्या भावाला इकडे बाइके म्हणतात.

“माझ्या सासऱ्याची भिंत आपोआप अशी झालीय. त्याला कुणी शाबासकी देत नाही.”

“सासऱ्यांकडे प्रकाश कमी असेल,” जीपार म्हणाली, आणि शिडीवर चढली.

उद्घाटन शनिवारी होतं. सोमवारी बाकासने विचारलं, की येणाऱ्यांनी जोडे कुठे काढायचे. जीपार सगळीकडे बघत माझ्यापाशी आली आणि हात ठेवून म्हणाली, “हिच्यात. चाळीस जोड बसतील. दारातच ठेवू, पहिली नजर हिच्यावर पडेल.” बाकासला कल्पना एकदम आवडली. फोटो काढले, लोकांना पाठवले. माझ्या वर एक पाटी लागली: लोकर धुण्याची काथवट.

जीपारला दोष कसा देऊ? तिच्या घरी पाव दुकानातून पिशवीत कापून यायचा. एवढ्या मोठ्या काथवटीत कणीक असते हे ती कुठे बघणार? पण ज्या माणसांनी पडलेला तुकडा कपाळाला लावला, त्यांच्या नातवंडांचे चिखलाचे जोडे माझ्यात पडणार होते. मेंढ्या चालल्या, बर्फ चाललं, कुऱ्हाडही चालली. हे मला चालणार नव्हतं. आणि मला तोंड नव्हतं.

गुरुवारी दुपारी कालीचा नमदे पोचवायला आली. ते तिच्या सुनेने केलेले. ऐंशीला टेकलेली, पण गुंडाळी तिने स्वतःच्या काखेत धरलेली. जीपार म्हणाली, “या आपा. जोडे इथे टाका, काथवटीत. पहिल्या पाहुण्या तुम्हीच.”

कालीचाने एक जोडा काढला. दुसरा काढायला ती माझ्या डाव्या कडेला टेकली, आणि तशीच थांबली. जोडा हातात होता. दुसरा हात कडेखालून फिरला, जिथे ती मळून झाल्यावर बोटं पुसायची तिथे.

“हिला इथे कोणी आणलं?”

“गिरणीचीच आहे आपा. लोकर धुवायची.”

“लोकर.” कालीचाने पाटी वाचली, मग जीपारकडे पाहिलं. “पोरी, मी बत्तीस वर्षं हिच्यात पीठ मळलंय. आख्ख्या गावाने हिच्यातलं खाल्लंय. तुझ्या मालकाने तर नक्कीच. लहानपणी रांगेतच पावाचं टोक कुरतडायचा.”

बाकास आतून आला. त्याने सगळं ऐकलं, आणि त्याचं तोंड उतरलं. “आपा, अशा शंभर काथवटी असतील. परवा लोक येणार. फोटो गेलेत. ही तीच कशावरून?”

“तुला पुरावा हवा?”

“हवा म्हणजे... असला तर बरं.”

“पीठ आण,” कालीचा म्हणाली. “मीठ आण, कोमट पाणी आण. खमीर आणू नको. एवढ्या वर्षांचं खमीर हिच्या लाकडात मुरलंय. ही पावाची असेल तर उद्यापर्यंत कणीक फुगेल. नाही फुगली तर खुशाल ठेव जोडे.”

बाकासला हा सौदा सोपा वाटला. पीठ आलं. कालीचाने आधी कढत पाण्याने मला आतून घासून काढलं, बाह्या सारल्या आणि हात घातले. किती वर्षांनी. हात सुकले होते, नखं पिवळी पडली होती, पण लय तीच, पुढे रेटून मागे ओढायची. जीपार जवळ उभी राहून बघत होती. हळूच म्हणाली, “तुम्ही तिथेच टेकलात, जिथे ती झिजलीय.”

“मग दुसरीकडे कशाला टेकू?”

कणकेवर फडकं टाकून ती घरी गेली. मी माझ्या अंगातलं सगळं गोळा केलं. म्हटलं, ये. जे काही उरलं असेल, कुठल्या भेगेत, कुठल्या गाठीत, ते ये. माझी सगळी इज्जत त्या गोळ्यात होती.

शुक्रवारी कालीचाने फडकं उचललं. कणीक ठेवली तशीच होती. बसकी, थंड, वर कातडं आलेली. तिने बोट दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला.

मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. लाकूड विसरलं होतं.

“काय आपा?” बाकासने विचारलं.

“नाही फुगली.”

“मग...”

“मग ठेव जोडे. बोलले ते बोलले.” कालीचा ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसली. “आधी तुझे ठेव. मालक आहेस.”

बाकासने जोडे काढले. हातात घेऊन माझ्यापाशी आला. आत कणीक होती. तो थांबला.

“कणीक काढून घेतो,” तो म्हणाला.

“घे.”

त्याने गोळा काढून ताटात ठेवला. माझ्या बुडाशी पिठाचा पांढरा थर राहिला.

“हे धुवून घेऊ,” जीपार म्हणाली.

“धू. चांगलं धू. मी बघतेय.”

जीपारने फडकं ओलं केलं आणि ते हातात धरून उभी राहिली. बाकास जोडे धरून उभा. दोघंही माझ्यात बघत होते. मग बाकासने जोडे खाली, भिंतीकडेला ठेवले. नीट, जोडीने.

“आपा,” तो म्हणाला, “तुम्हाला माहीत होतं. फुगणार नाही हे.”

“तीस वर्षं पावसात पडलेलं लाकूड. त्यात काय राहणार? मी म्हातारी झालेय, खुळी नाही.”

म्हणजे तिला माझा पुरावा नकोच होता. ती कडेला टेकली तेव्हाच तिचं झालं होतं. कणीक माझ्यासाठी नव्हती, त्या दोघांसाठी होती. पूर्वी काय होतं यावर वाद घालता येतो. आत्ता डोळ्यांसमोर पीठ पडलंय, त्यावर कोण वाद घालणार? पिठाच्या जागी जोडा ठेवणारा हात या गावात तिला सापडला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जीपारने पाटी काढली. “शार्शेनने फसवलं असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “मला जी गोष्ट हवी होती ती त्याने सांगितली. मीच दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.”

“आता कळलं ना? मग तोंड पाडू नको,” कालीचा म्हणाली. “तवा तापव. हे फेकायचं नाहीये.”

त्या कणकेच्या पातळ पोळ्या झाल्या. चामड्यासारख्या. बाकास कितीतरी वेळ चावत होता, पण ताटात तुकडा ठेवला नाही. त्याच दिवशी जीपारने दोन फळ्या पाइपांवर बसवून जोड्यांची मांडणी केली. तिच्यावर गंज रंगवला नाही. वेळ नव्हता म्हणा, किंवा काही कळलं म्हणा.

मला सहा जणांनी लोटत भटारखान्यात नेलं. जीपारचा विचार होता की माझ्यात छान छान पाव मांडून ठेवावेत, पाहुण्यांना बघायला. कालीचाने तिथल्या तिथे सांगितलं, “बघायला पाव ठेवलास तर मी येऊन उचलून नेईन. मळा, नाहीतर रिकामी ठेवा.” जीपारने वाद घातला नाही. आता रोज सकाळी इथला आचारी माझ्यात मळतो. दहा किलो पीठ, म्हणजे माझ्या एका कोपऱ्यातला खेळ. खमीर पुडीतून येतं. मळताना तो गाणी म्हणतो आणि मधेच फोन बघतो. पण हात वाईट नाही. दोन वर्षांत होईल नीट.

जुन्या वस्तू घरात, दुकानात आणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आणा. तुमच्यासारखे नसते तर मी जळणात गेले असते. आमचे दिवे करा, कपाटं करा, खुर्च्या करा, चुकीच्या भिंतीला टांगा, आम्ही काही मरत नाही. फक्त विकणाऱ्याची गोष्ट ऐकून झाली की त्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई शोधा, आणि तिला वस्तूपाशी दोन मिनिटं एकटी सोडा. तिचा हात कुठे जातो ते बघा. आणि ते लवकर करा. अशा बाया आता फार उरलेल्या नाहीत, आणि त्या गेल्यावर आमच्याबद्दल कोणीही काहीही सांगेल.

चला, आचारी पीठ चाळायला लागलाय. मला आता बोलायला सवड नाही.