पुढच्या सीटचा मान

साबेराने सकाळी सारवलेली ओसरी तिच्या जेठाने, गनीभाईने, दुपारपर्यंत घाण करून ठेवली होती. कोळशाने त्याने तिथे बहरीनचं बेट काढलं होतं, आणि कडेला तंबाखूची पिंक टाकून वर म्हणत होता, "ह्यो समिंदर."

साबेराने पदर नाकाला लावला. तिचा नवरा इस्माईल मात्र त्या घाणीत बोट फिरवून रस्ता शोधत होता. बारा वर्षं त्याने पौडहून पुण्याला दूध वाहिलं, तेही दुसऱ्याच्या टेंपोतून. आता बहरीनला नोकरी करणारा साबेराचा भाऊ, हाफीज, आठ दिवस आपली मोटार त्याच्या हवाली करणार होता. स्वतः चालवा, हवं तिकडे हिंडा. नवरा-बायकोची विमानाची दोन तिकिटंही त्याने धाडली होती. सहा वर्षं साबेराने भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. पासपोर्टच्या फोटोसाठी ती आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत जाऊन बसली होती.

"मधी घाट लागतो का?" शेजारच्या कुशाबाने विचारलं.

"लागणारच की! ताम्हिणीवानी," गनीभाई म्हणाला. स्वतः ताम्हिणीपलीकडे कधी गेला नव्हता. "इस्टो घ्यायचा, राकेल घ्यायचं. पयला मुक्काम हितं." मुक्कामावर दुसरी पिंक पडली.

बेट एवढंसं आहे, सकाळी निघालं की दुपारी जेवायला घरी, असं हाफीजने पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. साबेराने ते दोनदा वाचून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग पुढे कोण बसणार, यावर घोडं अडलं. लग्नाच्या जीपमध्येसुद्धा पुढची सीट थोरल्याची असते.

"मी थोरला. मी म्होरंच बसनार," गनीभाईने मिशीवरची लाळ पुसली.

"बराबर हाय," इस्माईल म्हणाला. "साबेरा, तुला तसंबी गाडी लागती. तुजं तिकीट भाईला दे."

पाणी दे म्हणावं, इतक्या सहज. साबेराने नवऱ्याकडे पाहिलं. आता तिला किळस आली ती पिंकेची नव्हे, या माणसाची.

ती आत गेली, ट्रंकेतलं तिकीट काढलं आणि गनीभाईच्या बरबटलेल्या हातापासून लांब धरून उभी राहिली.

"हे यष्टीचं तिकीट न्हवं, कुणीबी घिऊन बसायला. हेच्यावर माजं नाव हाय. इमानतळावरचा सायेब नाव बघतो, पासपोर्टातला फोटूबी बघतो."

गनीभाई तोंडातला तोबरा सावरत म्हणाला, "आरं तिच्या! मंग आता कसं करायचं?"

साबेराने वलणीवरचं आपलं लुगडं ओढलं आणि त्याच्या मांडीवर टाकलं.

"नेसा," ती म्हणाली, "आन् बसा म्होरं."