पाहुण्यांचे तळे

"आधी तळं," बगळा म्हणाला. "मग दवाखाना."

टँकरवाल्याने इंजिन बंद केले नाही. "साहेब, माझी बायको तिथं कळा देतेय. टाकी कोरडी पडलीय म्हणून सिस्टरांचा सकाळीच निरोप आलाय."

"पहिलटकरीण ना? मग संध्याकाळपर्यंत काही होत नाही." बगळ्याला त्यातले ओ की ठो कळत नव्हते, पण जे कळत नाही ते ठामपणे सांगण्यासाठीच कंपनीने त्याला नेमले होते. "पाहुणे निघालेत. पाणी पांढऱ्या दगडाला टेकलं की तू मोकळा."

टँकरवाल्याने दवाखान्याच्या दिशेने एकदा पाहिले आणि गाडी तळ्याकडे वळवली. कंपनीत एकदा 'नाही' म्हटलेल्या माणसाला पुन्हा कामावर घेतल्याचे वस्तीत कोणी ऐकले नव्हते.

बगळा हे नाव लहानपणीचे, लांब मानेमुळे पडलेले. पुढे पांढरा गणवेश, पांढरे बूट आणि पाण्याकडे टक लावून उभे राहण्याची नोकरी मिळाली, तेव्हा नाव ठेवणाऱ्यांची दूरदृष्टी लोकांना पटली. कंपनीत त्याचे पद होते संपर्क अधिकारी. संपर्क म्हणजे वस्तीचे गाऱ्हाणे कंपनीपर्यंत पोहोचू न देणे आणि कंपनीचे हसू वस्तीपर्यंत पोहोचवणे.

मिठाच्या त्या अफाट मैदानाखाली खारे पाणी होते आणि त्या पाण्यात लिथियम. कंपनी पाणी उपसून उथळ हौदांत उन्हात आटवी. शेवटी हाती येणारी पांढरी भुकटी बॅटऱ्यांसाठी जहाजाने दूर जाई. कंपनी आल्यापासून वस्तीतल्या विहिरी एकेक करून आटल्या. त्याचा उपशाशी काहीही संबंध नाही, हे कंपनीच्या तज्ज्ञांनी सिद्ध केले आणि सिद्ध करून झाल्यावर टँकर सुरू केला.

मैदानाच्या कडेचे तळेही आटले होते. पूर्वी तिथे फ्लेमिंगो उतरत. कंपनीच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ते अजूनही उतरत होते. त्यामुळे पाहुणे येण्याआधी तळे भरावे लागे. त्यासाठी खारे पाणी द्यायला मुख्य अभियंत्याने साफ नकार दिला होता. "त्या पाण्यात माल आहे," तो म्हणाला होता. म्हणून टँकरचे गोडे पाणी. खारे जपायचे आणि गोडे मिठावर ओतायचे, ही रीत इतकी अंगवळणी पडली होती, की तिच्यात काही विचित्र आहे असे बगळ्याला वाटेनासे झाले होते.

पाणी पांढऱ्या दगडापासून हातभर लांब असताना नर्स आली. दोन्ही हातांत रिकामे कॅन. ती बगळ्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. या नोकरीचा अर्जही तिच्याच हस्ताक्षरात होता.

"बगळ्या, नळी इकडं दे."

"ताई, पाहुणे फाट्यावर पोचलेत."

"मग बघू देत की त्यांना. नर्स पाणी भरतेय, लाज वाटण्यासारखं काय आहे?"

"दोन कॅनांनी काय होणारे? हे उरकलं की अख्खा टँकर पाठवतो."

"बरं. बाळाला सांगते थोडं थांब म्हणून. तुझं नाव सांगते, नक्की ऐकेल."

टँकरवाला नळी उचलायला वाकला. बगळ्याने बोट वर केले. "नळी हलली, तर उद्यापासून येऊ नकोस."

टँकरवाला तसाच वाकलेला राहिला. घाबरलेल्या माणसावर शब्द खर्च करायची नर्सला सवय नव्हती. तिने तळ्यातच कॅन बुडवले, बोट ओले करून जिभेला लावले आणि ती थुंकली. मिठाने आपले काम केले होते.

तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या. बॅटरीवरच्या असल्यामुळे त्या अगदी जवळ येईपर्यंत ऐकूच आल्या नाहीत. पुढच्या गाडीतून रुंद टोपीच्या बाई उतरल्या. ज्या कारखान्यात या भुकटीच्या बॅटऱ्या होत, तिथल्या त्या वरिष्ठ.

"पक्षी कुठायत?" त्यांनी विचारले.

"या वेळेला विश्रांती घेतात, मॅडम."

कुठे घेतात, हे कोणी विचारले नाही. पाहुण्यांनी पाण्यात पडलेल्या आभाळाचे फोटो काढले आणि समाधान मानले.

"आणि या कोण?"

"इथल्या रहिवासी," बगळा बहिणीकडे न बघता म्हणाला. "तळ्यामुळं यांची पाण्याची सोय झाली."

बाईंनी टोपी सावरली आणि नर्सकडे वळून आवाज मऊ केला. "तुम्हाला या प्रकल्पाचा काही फायदा झाला का हो?"

"झाला ना," नर्स म्हणाली. "दवाखान्यात बॅटरी बसली. लसी खराब होत नाहीत. पूर्वी वीज गेली, की विजेरी दातांत धरून टाके घालायची मी. बॅटरीला नावं ठेवायची नाहीत. गुणी वस्तू आहे."

बाईंचा चेहरा उजळला. सोबतचा माणूस मोबाइल पुढे धरून हे टिपत होता.

"आता कसा लख्ख उजेड असतो," नर्स पुढे म्हणाली. "हात धुवायला पाणी नाही, तेसुद्धा त्यात स्वच्छ दिसतं."

बाईंचे हसू आधीच ओठांवर आलेले होते. ते परत घेता येईना. बगळा मोठ्याने हसला. "या बाई फार विनोदी आहेत, मॅडम."

"एक फोटो घेऊ का? पाण्यासोबत?"

नर्सने दोन्ही कॅन उचलले, काठावर जाऊन ते एकेक करून सावकाश तळ्यात उपडे केले.

"असू दे," ती बगळ्याला म्हणाली. "तळ्यात कमी पडायला नको."

रिकामे कॅन घेऊन ती चालू लागली. टँकरवाल्याने नळी तशीच सोडली, खिशातून टँकरची किल्ली काढून बगळ्याच्या बुटांपाशी टाकली आणि तो तिच्या मागे गेला. नळी वाहतच राहिली आणि टँकर रिकामा झाला. पाणी पांढऱ्या दगडाला टेकले. फोटो चांगला आला होता. नर्स पाणी भरतेय की ओततेय हे त्यात कळत नव्हते, त्यामुळे तो पुढे खूप ठिकाणी वापरता आला.

पाहुणे जेवून निघून गेल्यावर बगळ्याने स्वतः टँकर गोड्या पाण्याच्या पंपावर नेऊन भरला आणि दवाखान्यापाशी आणला. दिवस कलला होता. पायरीवर बाळंतिणीची आई मांडीवर गाठोडे घेऊन बसली होती. गाठोडे रडत होते. नर्स दारात उभी होती, हात अंगापासून लांब धरून, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

"काय झालं?" बगळ्याने विचारले.

"मुलगी."

"आणि तिची आई?"

"रक्त थांबेना. शहरात पाठवलं, नवऱ्याला बरोबर दिलं. तुमच्या कंपनीनं दवाखान्याला दिलेली बॅटरीवरची गाडी होती म्हणून बरं. धक्का बसत नाही तिच्यात."

बगळ्याने कोरड्या नळाकडे पाहिले. "हात कशानं धुतलेस?"

"सलाईननं. होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या फोडल्या. मग तिला लावायला एकही उरली नाही." तिने आवाज चढवला नाही. "बघ, शेवटी खारंच पाणी कामी आलं. तुमचा अभियंता जपतो ते खोटं नाही."

आत फोन वाजला. ती गेली आणि दारात येऊन बाळंतिणीच्या आईला म्हणाली, "मावशी, पोचले. रक्त चढवताहेत. बोलतेय ती. पोरगी कशी आहे विचारलंन."

म्हातारीने गाठोडे छातीशी धरले आणि तिला हुंदका फुटला.

"बघ, झालं ना सगळं नीट," बगळा म्हणाला. "उगाच तू—"

मुदत संपलेल्या औषधाच्या बाटलीकडे पाहावे, तसे नर्सने त्याच्याकडे पाहिले. फेकण्याआधी एकदा, खात्रीसाठी. मग ती आत गेली.

बगळ्याने टँकरची नळी टाकीत सोडली. पाणी पडल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने आतला नळ वाहू लागला. तिने बराच वेळ हात धुतले, कोपरापासून नखांपर्यंत. मग बादली भरली, खाट धुतली, फरशी धुतली. तो बाहेर उभा होता. आपल्याला आत बोलावतील, निदान काही तरी बोलतील, अशी त्याला आशा होती.

ती बादली घेऊन दारात आली आणि रोज जिथे ओतायची तिथेच, पायरीखाली, तिने ती उपडी केली. तो तिथे उभा आहे की नाही, हे पाहिले नाही.

दवाखान्याच्या लख्ख उजेडात तांबूस पाणी पांढऱ्या जमिनीवरून त्याच्या पांढऱ्या बुटांपर्यंत आले. त्याने एक पाय उचलला. तो टेकवायला कोरडी जागा दिसेना. तो तसाच उभा राहिला.