बेटाला वळसा घालणारा पूल

काडेपेटीतल्या काडीहून थोडी जाड असेल लाकडाची ती पट्टी, आणि मधोमध वाकलेली — मोडलेली नव्हे, मुद्दाम वाकवलेली, भिजवून, मेणबत्तीच्या आचेवर धरून... आच लागल्याचा काळा डाग अजून तिथं आहे. थोरलीनं तो नखानं खरवडून पाहिला. निघेना. पुठ्ठ्याच्या नमुन्यातल्या ओढ्यावर धाकटीनं पूल म्हणून एवढंच ठेवलं होतं, एक वाकडी पट्टी. शेजारच्या टेबलावर थोरलीची कमान होती, पांढरीशुभ्र, एका झेपेत दोन्ही काठ धरणारी. अख्खा हिवाळा गेला होता त्या कमानीत.

"धाकटीचा पूल शोधायला मला चष्मा लावावा लागला," सकाळी चहा घेताना आई म्हणाली होती. "तुझा कसा, दारातूनच दिसतो." आईच्या असल्या बोलण्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे या घरात आजवर कुणालाच कळलेलं नाही.

दोघी बहिणींचं ऑफिस म्हणजे या घराचीच पुढची खोली. ओढ्यावर पायी जाणाऱ्यांसाठी पूल हवा होता, आजूबाजूच्या झाडापाण्यात मिसळून जाणारा, आणि नगरपालिकेला संध्याकाळपर्यंत एकच आराखडा द्यायचा होता. कुठला, ते थोरलीनं ठरवायचं, कारण सही तिची. धाकटी वाद घालायला थांबली नाही. दोरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून सकाळीच ओढ्यावर निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं... भांडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं सोपं जातं.

आणि नाही म्हणायला एक वाक्य पुरेसं होतं. धाकटीच्या आराखड्यातला मधला खांब चुकला होता. ओढा जिथं वळतो तिथं बाहेरच्या अंगाला, पुराचं पाणी तळ कोरून काढतं नेमक्या त्याच जागी, तिनं तो उभा केला होता. पहिल्याच मोठ्या पुरात त्याचा पाया उघडा पडला असता. धाकटीला पाणी दिसलं, पाण्याखालचं दिसलं नाही. नगरपालिकेच्या इंजिनिअरला मात्र ते बघताक्षणी दिसणार. म्हणजे गप्प बसून पाठवला तरी हा पूल पडणार, आणि चूक दाखवून बाजूला ठेवला तरी पडणार. दोन्ही वाटांनी कमानच उरते, माझी कमान... चूक खरी आहे, निमित्त नाही, हे थोरली स्वतःला कालपासून बजावत होती. मग डोळ्याला डोळा का लागला नाही? मी तिला पाण्यात पाहते की काय? छे. कडेवर घेऊन हिंडवलंय मी तिला, माझी कंबर भरून यायची तरी खाली ठेवायची नाही.

तिनं पायांत चपला सरकवल्या, नकाशांची नळी काखेत मारली.

"कुठं निघालीस?" आई.

"पूल बघायला."

"बांधलासुद्धा? बरं बाई."

धाकटी गुडघाभर पाण्यात उभी होती. खांबांच्या जागी बांबू रोवलेले, आणि त्यांच्यावरून पुलाच्या उंचीवर दोरी ताणलेली, दोरीला चिंध्या बांधलेल्या. ही दोघींची जुनी पद्धत. कागदावर काही पक्कं करायचं नाही. जागेवर दोरी बांधायची आणि कंटाळा येईपर्यंत काठावर बसून राहायचं. जे खुपायचं ते कंटाळा आल्यावरच खुपतं. कमानीला दोरी बांधता येत नाही, म्हणून थोरली या खेपेला त्या भानगडीत पडलीच नव्हती... हे तिला आत्ता, काठावर बसता बसता आठवलं, आणि तिचे कान गरम झाले.

ती बघत राहिली. दोरी काठावरून निघत होती ती पायवाटच पुढं चालू राहिल्यासारखी, उतरत उतरत अगदी पाण्याजवळ. मग ओढ्यातल्या, वेत माजलेल्या बेटापाशी येऊन, बेटावर पाय न ठेवता, त्याला वळसा घालून, पलीकडं पाण्यावर झुकलेल्या वाळुंजाच्या झाडाच्या फांद्यांखाली शिरत होती. एक पाणकोंबडी दोरीखालून निवांत निघून गेली. थोरली कंटाळा येण्याची वाट बघत होती, आणि तो येत नव्हता. सुंदर आहे. किती सुंदर आहे! कुठं शिकली ही? माझ्याकडं नाही — मी तर लहानपणी बाबांबरोबर आले की दगडांवरून धडाधड उड्या मारत पलीकडं, आणि ही मधल्याच दगडावर उभी. "अगं, चल ना!" "थांब ना ताई, इथून दिसतंय..." काय दिसतंय, ते तेव्हा मी विचारलं नाही. मला पलीकडं जायची घाई होती. माझी कमानही तशीच, एका उडीत पलीकडं. काठावरून बघणाऱ्याला ती दिसेल; तिच्यावर उभं राहणाऱ्याला काय दिसेल, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"ताई." धाकटी वळून बघत होती. "काहीतरी चुकलंय ना?"

"कशावरून?"

"तुझ्या तोंडावरून. सांग की."

थोरलीनं तोंड उघडलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की मघापासून आपण मनातल्या मनात तो मधला बांबू उपटतो आहोत. आत घेतो आहोत, बेटाच्या आडोशाला, गाळ साचतो तिथं... तिथं पाणी कोरत नाही... आणि खांब तिथं आला की वळण सैलावतं, वाळुंजाची फांदी बरोबर डोक्यावर येते. मघापेक्षाही सुंदर. छातीत धडधडत होतं, आणि त्या धडधडीत कमान कुठंच नव्हती.

धाकटी बांबूला हात लावून बेटाकडं बघायला लागली. मान तिरपी करून. आडोशाच्याच बाजूला.

"थांब!" थोरली ओरडली, स्वतःच दचकेल इतक्या जोरात, आणि चपलांसकट पाण्यात उतरली. ती जागा आपण दाखवण्याआधीच धाकटीला तिची तिलाच सापडली तर, या एकाच भीतीनं तिला घेरलं होतं.